गौताळ्यात, मोठ्या साडूंबरोबर

संभाजीनगरच्या माणसाला जंगल बघायचं असलं तर फारसे कष्ट पडत नाहीत. दीड-दोन तासांत कन्नड येतं आणि तिथून पुढं गौताळ्याचं अभयारण्य सुरू होतं. डोंगर आहेत, दाट झाडी आहे, धबधबे आहेत, शिवना नदीकडं धावणारे ओढे आहेत. इतकं सगळं इतक्या जवळ आहे, म्हणूनच आमच्यातलं कोणी तिकडं जात नाही. निसर्ग बघायला आम्ही मनालीला जातो. घरी पुण्याचे पाहुणे आले की त्यांना वेरूळला नेतो, आपण गाडीत बसून राहतो आणि ते लेणी बघून घामाघूम होऊन परतले की विचारतो, "झालं का बघून?"

मीही चोपन्न वर्षं अशीच सुखात काढली. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटी खात्यात आहे. दुसऱ्यानं बनवलेला भाग हातात घ्यायचा, त्यातली खोट शोधायची आणि त्यावर लाल फुली मारायची, याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी बिनपगारी करतो, असं माझी बायको सुनंदा म्हणते.

मला जंगलात पाठवण्याचा कट तिनं आणि तिच्या थोरल्या बहिणीनं, मंदाताईंनी, मिळून रचला. कारण माझे मोठे साडू, म्हणजे मंदाताईंचे यजमान दिलीपराव, आणि मी दीड वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. आमचे सासरे जाण्याआधी सव्वीस दिवस दवाखान्यात होते. दिलीपराव रोज त्यांच्या उशाशी बसत. मी गेलो नाही, कारण माझी शिफ्ट असायची. तेराव्याला पंगत बसलेली असताना दिलीपरावांनी वरणाचं भांडं हातात धरून सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं, "भास्कररावांना वाळूजहून दवाखान्यापर्यंतचा रस्ता काही सापडला नाही." पंगतीत कोणी हसलं नाही. लोक हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दिवाळी-दसऱ्याला आम्ही एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच चिवडा खात होतो. शेवटी बहिणींनी ठरवलं, या दोघांना दोन दिवस जंगलात सोडा. बोलले तर बोलले, नाहीतर वन्यप्राणी आहेतच.

शनिवार

दिलीपराव भूगोलाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात किंवा शेअर बाजारात जातात. हे ट्रेकिंगला लागले. सकाळी साडेपाचला दारात आले ते हिमालय चढायच्या बेतात. गुडघ्यापर्यंत बांधलेले बूट, दोन काठ्या, गळ्यात शिट्टी, मनगटावर उंची मोजणारं घड्याळ, आणि डोक्यावर अशी टोपी की तिच्या सावलीत चारजणांची पंगत बसावी. अंगाला कसल्यातरी सुगंधी फवाऱ्याचा वास इतका, की आमच्या गल्लीतली कुत्रीही भुंकायचं सोडून शिंकली. मी कारखान्याचे सेफ्टी शूज घातले होते. पुढं लोखंडी टोपण, खाली जाड तळवा. यंत्राचा भाग पायावर पडला तरी बोटं शाबूत राहतात. जंगलात असे भाग फारसे पडत नाहीत, हे मला नंतर कळलं.

गाडी दिलीपराव चालवत होते. ताशी चाळीस. खुलताबादच्या घाटात उसाच्या ट्रॉलीनं आम्हाला मागं टाकलं. पहिले पन्नास किलोमीटर आम्ही दोघंही रस्त्याशी बोलत होतो. म्हणजे ते रस्त्याला सांगत होते, "हा सगळा लाव्हारसाचा थर आहे," आणि मी खिडकीला सांगत होतो, "असेल." कन्नडला पोहे खाल्ले. त्यावरची तर्री इतकी जहाल होती की दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय हे साडूंचं प्रेम.

अभयारण्याच्या फाटकाशी नाव लिहून घेणाऱ्या माणसानं विचारलं, "बिडी-काडी, काडीपेटी काही?"

"काडीपेटी नाही," असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. खोटं नव्हतं. माझ्याकडं लायटर होता, आणि सिगारेटचं पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोज्यात होतं. सुनंदाला मी सोडल्याचं सांगून चार वर्षं झाली होती आणि एवढं जपलेलं गुपित एका फाटकापाशी उघड करणं मला बरं वाटेना.

वाटाड्या म्हणून कडूबा भेटले. जंगलाच्या कडेच्या वस्तीवर राहणारा साठीचा माणूस. काटकुळा, पायांत टायरच्या चपला, आणि ऑक्टोबरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात खांद्यावर काळी घोंगडी. दिलीपरावांनी आपल्या काठ्या, घड्याळ, शिट्टी यांची त्यांना ओळख करून दिली. कडूबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलंय. पण सर, शिट्टी नका वाजवू. जनावरं उठून बसत्यात."

पहिल्या दिवशी आम्ही सीतान्हाणीकडं गेलो. महाराष्ट्रात जिथं म्हणून पाणी आहे तिथं सीतामाई आंघोळ करून गेलेली आहे. वनवासातली चौदा वर्षं पुरली कशी, असा प्रश्न मला पडतो. पण जागा बघितल्यावर मी तो विचारला नाही. काळ्या खडकातून पाणी झिरपत खाली येत होतं, त्यावर नेचे लटकलेले, आणि इतकी गार सावली की मघाचं ऊन कोणत्या तालुक्यातलं होतं असं वाटावं. दिलीपराव खडकाला हात लावून म्हणाले, "बघा, हा सच्छिद्र थर. याच्यातून पाणी येतं. खालचा थर पक्का, म्हणून ते आडवं वाहतं." हे मला नववीत कोणी असं हात लावून दाखवलं असतं तर भूगोलात बावन्न मार्क पडले नसते. अर्थात मी त्यांना म्हणालो, "असेल."

धबधब्याकडं जाताना ओढा ओलांडायचा होता. टीचभर पाणी. कडूबा टायरच्या चपलांनी गेले. दिलीपराव दोन काठ्या टेकत, चार पायांच्या जनावरासारखे, पण कोरडे गेले. मी माझ्या सुरक्षित बुटांनी शेवाळावर पहिलं पाऊल ठेवलं आणि थेट पाठीवर आलो. वरून आकाश दिसत होतं, खालून गार पाणी बनियनमध्ये शिरत होतं. खिशातल्या मोबाइलनं तिथंच प्राण सोडला.

दिलीपराव हसले. दीड वर्षात प्रथमच मी त्यांचं हसणं ऐकलं. मग एक काठी पुढं करून म्हणाले, "धरा."

मी ती धरली नाही. चारही हातापायांवर रांगत काठाला आलो. स्वाभिमान मोठी गोष्ट आहे, विशेषतः ओल्या पँटमध्ये.

धबधबा मात्र खरोखरच पाहण्यासारखा होता. पावसाळा सरला होता, त्यामुळं तो गर्जत नव्हता. उंचावरून पांढऱ्या दोऱ्यासारखा सुटत होता आणि खाली पोचेपर्यंत वारा त्याला इकडं तिकडं नेत होता. समोरच्या कड्यावर वानरांचं एक टोळकं आमच्याकडं बघत बसलं होतं. कपडे वाळत घालून, अर्ध्या चड्डीवर बसलेला क्वालिटी खात्याचा माणूस त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असावा.

मुक्काम कडूबांच्या घरी होता. शहरात आम्ही पाहुण्याला विचारतो, "चहा घेणार का?" हे अशा सुरात विचारतो की शहाणा माणूस नको म्हणतो. इथं कोणी काही विचारलंच नाही. संध्याकाळी आम्ही अंगणात टेकलो आणि कडूबांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, पुढ्यात ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. मी हातानं ताट झाकलं तर त्या म्हणाल्या, "असं झाकून भूक जाती व्हय? खावा. उद्या लई चालायचंय." मग टोपलीभर सीताफळं आली. जंगलातली, आकारानं लहान, पण गोडी अशी की बाजारातलं सीताफळ म्हणजे नुसतं त्याचं छायाचित्र.

दिलीपरावांनी पाच खाल्ली. मी सहा. कोणी मोजत नव्हतं, पण मी मोजलं.

रविवार

दुसऱ्या दिवशी दरीत उतरायचं होतं. वस्तीपासून तासाभरावर जंगल अचानक तुटतं आणि खाली खोल घळ दिसते. तिच्यातून ओढा वाहतो, वळणावर एक डोह आहे, आणि दोन्ही बाजूंना सरळसोट काळे कडे. वाट म्हणजे गवतातली एक रेघ. साग, धावडा, मधूनच हाताला ओरबाडणारी करवंदाची जाळी. उतरताना माझे गुडघे अशी भाषा बोलत होते की सोबत बायकामाणसं नव्हती ते बरं झालं.

खाली पोचल्यावर कडूबा थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "वरती बघा. त्या काळ्या चादरी दिसत्यात का कड्याला?"

दिसल्या. कड्याच्या पोटाला, छपरासारख्या पुढं आलेल्या खडकाखाली, आठ-नऊ काळपट गोधड्या लोंबत होत्या. त्यांच्यावरून मधूनच एक लाट सरकत जायची.

"आग्या मोहोळं हायेत. आपण गप ऱ्हायलो तर त्याबी गप ऱ्हात्यात. मोठ्यानं बोलायचं नाय, वासाचं काही नको, धूर तर अजिबात नाय." मग त्यांनी दिलीपरावांकडं बघून नाक हुंगलं. "सर, ह्यो वास धुवून टाका."

मला वाटलं, आता भूगोलाचा तास होणार. पण दिलीपरावांनी एका शब्दानं वाद घातला नाही. टोपी काढली, शर्ट काढला, आणि पासष्टीला टेकलेला तो माणूस ओढ्याच्या गार पाण्यात बसून वाळूनं मान आणि काखा घासू लागला. शर्टही पिळून घेतला. मी सावलीत उभा राहून तो देखावा मनापासून पाहिला. सुनंदाला सांगायला इतकी चांगली गोष्ट दीड वर्षात मिळाली नव्हती.

आम्ही डोहाच्या वरच्या अंगाला एका झाडाखाली बसलो. दिलीपराव वहीत कड्याच्या थरांचं चित्र काढत होते. कडूबा घोंगडीवर आडवे झाले. मला तलफ आली. थोडं आडोशाला जाऊन येतो, असं करंगळी दाखवून मी खुणेनं सांगितलं आणि पन्नासेक पावलांवरच्या एका मोठ्या धोंड्यामागं गेलो. मोज्यातलं पाकीट काढलं. एवढ्या मोठ्या दरीत एका सिगारेटचा धूर तो काय, असा हिशेब मी केला. मोहोळं कुठं, मी कुठं. तीन झुरके घेतले. वारा घळीतून वर, थेट कड्याकडं चालला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. कारखान्यात एखाद्या पोरानं एवढी चूक केली असती तर मी त्याला सगळ्यांसमोर सोलला असता.

आधी आवाज आला. कॉम्प्रेसर सुरू होताना येतो तसा, आधी लांबून आणि मग एकदम डोक्यावर. मी वर पाहिलं तर एक गोधडी कड्यावरून सुटली होती.

मानेच्या मागं पहिला डंख बसला तेव्हा मी पळत होतो. दुसरा बसला तेव्हाही पळतच होतो. धोंड्याच्या पलीकडच्या अंगानं, ओढ्याच्या पात्रातून, गोट्यांवरून. मागं झाडाखाली दोन माणसं बसलेली आहेत हे मला माहीत होतं. मी त्यांना हाक मारली नाही. डोह आला, मी त्यात उडी टाकली, कपारीच्या आडोशाला गेलो आणि नाकापर्यंत पाण्यात बसलो.

तिथून मला दिलीपरावांचा आवाज ऐकू आला. "भास्करराव, कुठं आहात? खाली बसा. डोकं झाका. मी आलो."

ते माझ्याकडं येत नव्हते. ते धोंड्याकडं चालले होते. मी तिथं गेलेलो त्यांनी पाहिलं होतं, मी तिथून निघालेलो पाहिलं नव्हतं. मला कपारीच्या फटीतून त्यांची पांढरी बनियन दिसत होती. शर्ट झाडावर वाळत होता. हातात ती मोठी टोपी धरून डोक्याभोवती फिरवत ते चालले होते आणि त्यांच्याभोवतीची हवा काळी झाली होती. "भास्करराव," ते पुन्हा म्हणाले.

मी उत्तर दिलं असतं तर ते थांबले असते, मागं फिरले असते. उत्तर द्यायला मला तोंड पाण्याबाहेर काढावं लागलं असतं. मी ते काढलं नाही.

ते धोंड्यापाशी पोचले, पलीकडं वाकून पाहिलं, आणि खाली पडले. मग कडूबा आले. पळाले नाहीत, आरडाओरड केली नाही. घोंगडी उघडून त्यांनी दिलीपरावांवर टाकली, स्वतः तिच्यात शिरले आणि ते काळं गाठोडं वीतवीत सरकत झुडपांत गेलं. मी श्वास घ्यायला नाक वर काढत होतो आणि पुन्हा बुडत होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शेवटी काठावर टायरच्या चपला दिसल्या.

"या बाहेर," कडूबा म्हणाले. "गेल्या त्या." त्यांची एक पापणी सुजून मिटली होती. मला बाहेर काढून ते धोंड्यामागं गेले, वाकले, माझं थोटूक उचललं, ओल्या मातीत चुरगळलं आणि आपल्या खिशात टाकलं. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

दिलीपरावांचा चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ जाड झाले होते, दोनदा उलटी झाली, आणि श्वास घेताना शीळ वाजत होती. कडूबा त्यांच्या पाठीतले काटे नखानं खरडून काढत होते. मी हात पुढं केला तर म्हणाले, "चिमटीत नका धरू. दाबलं की विख आत जातं."

चढ चढायला दीड तास लागला. एका बाजूनं कडूबा, एका बाजूनं मी. उतरताना जी वाट रमणीय होती तिचा एकेक दगड मला आता पाठ आहे. मध्येच दिलीपराव थांबले आणि बंद डोळ्यांनी विचारलं, "तुम्हाला किती चावल्या?"

"दोन," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. त्यात टोमणा होता का हे मी सगळ्या चढावर शोधत होतो. दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट मला एरवी लगेच सापडते. ती सापडेना.

वस्तीवरून जीप मिळाली. कन्नडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लागोपाठ इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं आणि म्हणाले, श्वासाचं संकट टळलं आहे, पण उद्यापर्यंत इथंच ठेवू. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो. सलाइनचा थेंब बघत बसणं म्हणजे काय असतं, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळत होतं.

संध्याकाळी मंदाताईंचा फोन आला. दिलीपरावांना फोन धरता येत नव्हता, मी तो त्यांच्या कानाशी धरला. त्यामुळं ते जे बोलले ते मला ऐकावंच लागलं.

"काही नाही गं, माशा उठल्या. रडू नकोस. भास्करराव होते म्हणून वाचलो. त्यांनीच ओढून बाहेर काढलं मला. हो, हो. सुनंदाला सांग."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यावर इतकी सूज होती की काही वाचता येत नव्हतं.

घरी आल्यावर

दोन दिवस मी शूर होतो. मेहुण्याचा बीडहून फोन आला. मंदाताईंनी डबाभर बेसनाचे लाडू पाठवले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठून आग्या माशांपासून माणूस कसा वाचवावा यावर माझं मत विचारलं, आणि मी ते दिलंसुद्धा. सांगताना मी घोंगडी वापरत होतो. कडूबांची घोंगडी, माझे हात.

तिसऱ्या दिवशी सुनंदा मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सिगारेट, धोंडा, डोह, हाका. ती निवडत राहिली.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"दिलीपराव बोलले?"

"ते कशाला बोलतील. तुम्ही आलात त्या दिवशी मानेला चुना लावला मीच. दोन डंख, दोन्ही मागून. माणसाला ओढून काढणाऱ्याला तोंडावर चावत्यात." मग एक जुडी संपवून तिनं दुसरी घेतली. "मी वाट बघत होते, सांगता का नाय ते. लाडू संपल्यावर सांगणार असाल असं वाटलं होतं."

लाडू तीन उरले होते. तिला मी हे सांगितलं नाही.

त्याच दुपारी मी दिलीपरावांकडं गेलो. ते दिवाणावर बसले होते. एक डोळा उघडला होता, दुसरा अजून मिटलेला. मंदाताई आत होत्या. मी बसलो आणि म्हणालो, "सिगारेट माझी होती."

"वास आला होता मला," ते म्हणाले. "वासाच्या बाबतीत त्या दिवशी जरा जास्तच सावध होतो मी."

"मग फोनवर असं का सांगितलंत?"

"तेराव्याला मी जे बोललो ते चारचौघांत बोलायला नको होतं. तुम्हाला लागलं त्याचं मला काही वाटलं नाही. पण सुनंदा त्या दिवशी पंगतीतून उठून गेली, जेवली नाही. तिच्या बापाचं तेरावं होतं ते. ते डोक्यात होतं माझ्या."

मला आता थांबता आलं असतं. थांबलो नाही. "दिलीपराव, शिफ्ट नव्हती," मी म्हणालो. "दोनदा मी दवाखान्यात आलो होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत. मामांच्या नाकात नळी बघितली, ते मला ओळखतील म्हणून भीती वाटली आणि मी परत फिरलो. दोन्ही वेळा."

त्यांचा उघडा डोळा माझ्यावर होता. मला वाटलं, आता वरणाचं भांडं पुन्हा हातात येणार.

"पहिल्या दिवशी मीही जिन्यावरून परत फिरलो होतो," ते म्हणाले. "खाली टपरीवर चहा घेतला. वीसेक मिनिटं तिथंच उभा होतो. मग वर गेलो, कारण वर मंदा एकटी होती." त्यांनी सुजलेल्या हातानं अंगावरची चादर सरकवली. "परत फिरण्याचं काही नाही हो. चहा घेऊन पुन्हा यायचं असतं, एवढंच."

मंदाताई पाठीला लावायचं मलम घेऊन बाहेर आल्या. मी उठलो, त्यांच्या हातातून ती ट्यूब घेतली आणि दिलीपरावांना पालथं व्हायला सांगितलं. ते कण्हत पालथे झाले. पाठभर लाल गाठी होत्या, काहींच्या मध्ये अजून काळा ठिपका.

"हात धुतलेत का?" उशीत तोंड खुपसून त्यांनी विचारलं.

मी मोरीत जाऊन साबणानं हात धुतले आणि परत आलो.